बर्फाची पायताणं

संपतदादाची बर्फाची पायताणं देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असत आणि दर गुरुवारी त्यांना हळदकुंकू वाहिलं जाई. पायताणाला हळदकुंकू वाहणारं घर मी आयुष्यात तेवढं एकच पाहिलं. कुणी नाक मुरडलं की सुरेखाच्या आईचं उत्तर ठरलेलं असे, "देवानं राखलं म्हणून देवाला वाहतो न्हवं? मग ह्यांनीबी माझं लेकरू राखलंय." संपतदादा म्हणजे सुरेखाचा थोरला भाऊ. फौजेत होता, बर्फाच्या चौकीवर दोन हिवाळे काढून आला होता आणि निकामी म्हणून बाजूला काढलेला हा जोड साहेबांची परवानगी घेऊन घरी आणला होता. पायताण म्हणायचं इतकंच. वाकवलेल्या लाकडाच्या दोन लांबट चौकटी, मध्ये बाज विणावी तशी दोऱ्यांची वीण आणि पाय अडकवायला जीर्ण कातडी पट्टे. ज्या इंदापूर तालुक्यात लोकांनी बर्फ पाहिला तो लग्नातल्या सरबतात आणि मासळीच्या पेटीत, तिथे ही वस्तू म्हणजे साक्षात चंद्रावरून आलेली!

या पायताणांची गोष्ट मी गेली चाळीस वर्षं सांगत आले आहे. हळदीच्या मांडवात सांगितली, प्रवासात अनोळखी बायकांना सांगितली, एकदा तर भूल उतरत असताना नर्सला सांगितली. ती मी रंगवून सांगते, हातवारे करते, सगळ्यांचे आवाज काढते, आणि लोक पोट धरून हसतात. तिच्यात एक खोटं आहे. इतकी वर्षं सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं आहे की आता हाताला लागतही नाही. म्हणून ही गोष्ट एकदा कागदावर, हातवारे न करता, सांगायची आहे. जमेल असं नाही. माझे हात आत्ताही हलतायत.

आम्ही तिघी बारामतीत एका खोलीत राहून शिकत होतो. मी, नंदा, वालचंदनगरच्या कॉलनीतली. सकाळी भोंगा वाजला की उठायचं आणि गणपतीत क्लबाच्या स्टेजवर नाटक करायचं, एवढंच जग पाहिलेली, आणि त्या जगाची महाराणी. सुरेखा धरणाकाठच्या वस्तीवरची, दणकट, मोठ्याने हसणारी. आणि विद्या बारामतीजवळच्या एका खेड्यातल्या शिक्षकांची मुलगी. फुंकर मारली तर उडेल इतकी हलकी, कमी बोलणारी, आणि मी जे म्हणेन त्याला आधी "नको गं" म्हणून मग "बरं" म्हणणारी. त्या "बरं"वर माझं निम्मं तारुण्य उभं होतं.

थंडी ऐन भरात होती. सुरेखाने हुरडा खायला वस्तीवर बोलावलं, शनिवार-रविवार राहायचंच म्हणून. वडिलांचा कॅमेरा मी न विचारता पिशवीत घातला. रोलमध्ये शेवटचे चारपाच फोटो उरले होते. शुक्रवारी संध्याकाळी एसटीने आम्हाला फाट्यावर सोडलं. तिथून बैलगाडीच्या चाकोरीतून दोन्ही बाजूंच्या उसात शिरलो, आणि ऊस संपला तिथे एकदम पाणी दिसलं. समुद्र न पाहिलेल्या माझ्यासारखीला तो समुद्रच होता. पण त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि धरणाचं पाणी पौषातच मागे सरकू लागलं होतं. घर आणि पाणी यांच्यामध्ये करड्या गाळाचा लांबरुंद पट्टा उघडा पडला होता. त्याच्या मधोमध एका वाळल्या झाडाचं काळं खोड उभं होतं आणि खोडावर पंख पसरून एक पाणकावळा बसला होता.

घराच्या पुढे बाजेवर सुरेखाचे आजोबा बसलेले असत. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांची बाज रस्त्याकडे तोंड करून होती, पाठ पाण्याला. पाहुणा आला की पाणी बघायला बाहेर यायचा आणि आबा रस्ता बघत बसायचे. मी अगोचरपणे विचारलं, "आबा, एवढं छान पाणी सोडून इकडे काय बघताय?" आबा म्हणाले, "एष्टी." सुरेखाने मला आत ओढलं आणि चुलीपुढे कानात सांगितलं की जुनं गाव, घर, रान सगळं त्या पाण्याखाली आहे आणि धरण भरल्यापासून आबांनी तिकडे तोंड केलेलं नाही. त्यांच्या बाजेजवळ एक मोठी लोखंडी काहील पडलेली होती, पूर्वीच्या गुऱ्हाळातली, रस उकळून गूळ करायची. आता तिच्यात म्हशी पाणी पीत. काहिलीचा काठ आबा येताजाता हाताने पुसत.

त्या घरातले आवाज मला अजून ओळीने आठवतात. पहाटे जात्याऐवजी पंपाची धडधड, मग म्हशीच्या धारा, मग पाण्याकडून हजारो पाखरांचा कालवा, आणि उसाने भरलेल्या ट्रॅक्टरवरची गाणी. आणि खाणं! शनिवारी सकाळी रानात आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कणसं खुपसली आणि गरम कणीस हातावर चोळून हिरवागार हुरडा आमच्या ओंजळीत पडू लागला. सोबत तिळाची चटणी, दही, गुळाचा खडा. दुपारी चिलापी माशाचं लालभडक कालवण आणि बाजरीची भाकरी. विद्याने इतकं खाल्लं की सुरेखाची आई म्हणाली, "खा बाई, जरा वजान येऊंदे. वाऱ्यानं गेलीस तर तुझ्या बापाला काय सांगू?"

जेवताना दादाने पायताणं खिळ्यावरून काढून दाखवली. बर्फातला एक फोटोही दाखवला. सगळं पांढरं, आणि मध्ये दादा, पायात हे लाकडी सूप बांधल्यासारखं, हसणारा. "ह्येनं वजान पसरतं," तो म्हणाला. "माणूस बुडत न्हाय. पण पट्टा असा लावायचा की एका हिसक्यात सुटल. गाठ न्हाय मारायची कधी. पाय अडकला तर पायताण सोडायचं, जीव न्हाय." एका पायताणाचं बक्कल तुटलेलं होतं आणि दुसऱ्याचा पट्टा चिरलेला. मी फोटोकडे बघत होते. पट्ट्यांचं बोलणं माझ्या कानावरून गेलं, जसं वर्गातलं सगळं जायचं.

दुपारी विद्या झोपली आणि मी सुरेखाबरोबर ऊसतोड बघायला गेले. टोळीत शेवंताबाई नावाची मुकादमासारखा आवाज असलेली बाई होती. तिने उसाच्या हिरव्या शेंड्यांना, म्हणजे वाढ्यांना, पीळ देऊन मोळी बांधायला मला शिकवलं. दोन वेढे, पीळ, आणि शेपूट खाली खुपसायचं. माझी तिसरी मोळी जमली तेव्हा मी रंगभूमीवर टाळ्या घ्याव्यात तशी वाकून नमस्कार करू लागले. शेवंताबाई म्हणाली, "लई नाचू नगंस. सोडून दाव बरं." मी ओढलं, खेचलं, दात लावले. सुटेना. ती हसली. "ही सुटायसाठी बांधतच न्हाईत. वल्ली झाली की आनखी आवळती. कोयत्यानंच तोडायची."

रविवारी सकाळी धुकं पडलं होतं. मी बाहेर आले आणि जागच्या जागी थबकले. गाळाचा तो सगळा पट्टा धुक्यात पांढरा झाला होता. क्षितिज नाही, पाणी नाही, फक्त पांढरं, आणि मध्ये काळं खोड. दादाचा फोटोच! दादा उसाला पाणी द्यायला गेला होता, आई रानात गेली होती. मी खिळ्यावरून पायताणं काढली. सुरेखा म्हणाली, "आई मारंल." मी म्हणाले, "फोटो काढून परत टांगू. कुंकूसुद्धा पुसलं जाणार नाही." मग आम्ही दोघींनी विद्याकडे पाहिलं, कारण तिघींत पायताणांनी पेलावी इतकी हलकी तीच होती.

"नको गं," विद्या म्हणाली.

"अगं, इंदापुरात बर्फावर चालणारी पहिली बाई! तुझ्या वडिलांना दाखव फोटो. खोडाला हात लाव आणि परत ये. बास."

"बरं," विद्या म्हणाली.

गाळाच्या काठावर ती एका दगडावर बसली आणि तिने पाय पुढे केला. पट्टे तिच्या पायाला ढिले. म्हणून मी गोठ्यातून बैलाच्या कासऱ्याचे दोन तुकडे आणले होते. दोन वेढे, पीळ, शेपूट खाली खुपसलं. टाचेच्या मागे, घट्ट. दुसरा पायही तसाच. सुरेखा कॅमेऱ्याशी खेळत होती. तिने पाहिलं नाही. विद्याने तेवढं विचारलं, "सुटेल ना?" आणि मी म्हणाले, "तुला काय आयुष्यभर घालून फिरायचंय का?"

पहिली पन्नास पावलं अशी गेली की आजही मला त्यांचा अभिमान वाटतो. विद्या चालत होती! फताक फताक आवाज करत, बदकासारखी, हात पसरून, आणि चक्क हसत. गाळ तिला धरत होता. मी ओरडले, "इकडे बघ!" आणि तिने वळून पाहिलं तेव्हा फोटो काढला. मग ती खोडाकडे निघाली. पाणकावळा उडाला. खोड दहा हातांवर राहिलं असेल आणि तिचं डावं पायताण तिरकं झालं. गाळ त्याच्यावर चढला. ती दुसऱ्या पायावर रेलली, तोही गेला. घोट्यापर्यंत. मग गुडघ्यापर्यंत. मी अजून हसत होते. हे मी कधीच सांगत नाही, पण मी अजून हसत होते.

"नंदे, पाय वर येईना."

"जोर लाव!"

तिने जोर लावला आणि ती मांडीपर्यंत गेली. बर्फात माणसाला वर ठेवणारं ते सूप गाळाखाली गेलं की उलटं होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्यावर गाळाचा थर बसतो, झाकणावर दगड ठेवावा तसा. उघडा पाय निघेल एखाद वेळेस, पण पायाला परात बांधलेला माणूस कसा निघणार?

सुरेखा ऊसतोडीच्या दिशेने ओरडत पळाली. मी गाळात शिरले, चार पावलांत गुडघाभर रुतले, आणि विद्या जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली, "तिथंच थांब! तू पण गेलीस तर कोण सांगणार मी कुठे आहे ते?" मी कशीबशी मागे सरकले. ओढणी फेकली, ती निम्म्यातही पोचली नाही. काठापासून ती साठएक पावलांवर होती. पाणी तिच्यापलीकडे, शांत.

"पट्टे सोड," मी म्हणाले.

ती वाकली, हात गाळात घातला. चाचपत राहिली. मग म्हणाली, "गुडघ्याच्या खाली हात जात नाही गं. आणि नंदे, खाली काही लागतच नाही."

"लागेल. तळ असतोच."

"कसली गाठ मारलीयस?"

आयुष्यात एवढी बडबड केली, पण त्या प्रश्नाला मी ओढणी पिळत उभी राहिले.

मग मी बोलत सुटले. तिच्यापर्यंत पोचेल अशी माझ्याजवळ एकच दोरी होती, जीभ. मी कॉलनीच्या गणपतीतलं अख्खं नाटक एकटीने सादर केलं. राजा मी, प्रधान मी, चेटकीण मी, पडद्यामागून ओरडणारा मीच. विद्याचे दात वाजत होते ते मला काठावर ऐकू येत होतं. नाटक संपलं. ती कमरेपर्यंत गेली होती. मी गाणी म्हटली, संपली. सुरेखा येईना. मी पाढे म्हणू लागले आणि एकोणतिसाच्या पाढ्यात अडखळले. एकोणतीस साते मी काहीतरी ठोकून दिलं. पलीकडून बारीक आवाज आला, "दोनशे तीन." मास्तरांची मुलगी! मी रडत रडत म्हणाले, "बरोबर. पुढे तू म्हण." ती म्हणाली, "थकले गं," आणि मान खाली घातली. धुकं उठलं होतं. रोहित पक्ष्यांचा थवा तिच्या चारी बाजूंना उतरला आणि त्या काटकुळ्या पायांनी, जराही न रुतता, गाळावर चरू लागला. देव चेष्टा करतो तेव्हा कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. तो गुलाबी असतो.

"नंदे," ती मान न उचलता म्हणाली, "आमच्या दादांना सांगू नकोस मी भ्यायले होते म्हणून." दादा म्हणजे तिचे वडील.

तेवढ्यात उसातून माणसं फुटली. संपतदादा पुढे, मागे टोळी, शेवंताबाई, सुरेखाची आई, म्हशींची वैरण टाकून आलेले चुलते. दादाने पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचे, भारे गाळावर टाकायला लावले, त्यावर पालथं पडून पुढे सरकत सोल, म्हणजे जाड दोर, फेकली. दोन वेळा चुकली, तिसऱ्यांदा विद्याने धरली आणि काखेत अडकवली. काठावरून सहा जणांनी ओढायला सुरुवात केली. विद्या जी किंचाळली! तो आवाज काढायचा प्रयत्न मी गोष्ट सांगताना कधीही केलेला नाही.

"सोडा! सोडा ती सोल! मधनं तुटंल पोरगी!"

आबा होते. काठी टेकत, धोतराचा सोगा खोचून, ते गाळाच्या काठापर्यंत आले होते. तोंड पाण्याकडे. सुरेखाच्या आईने पदर तोंडावर धरला. आबांनी खोडाकडे पाहिलं, मग विद्याकडे, मग पुन्हा खोडाकडे, जसं एखादा बुजुर्ग सुतार लाकडाकडे बघतो.

"ह्यो आपला लिंब," ते म्हणाले. "लिंबाच्या मावळतीला आपली हीर. पोरगी हिरीवर हुबी हाय."

विहीर गाळाने भरलेली होती. तळ चाळीस हात खाली.

"हीर कशानं बांधलीया ते मला इचारा," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम तरणा झाला. "काळ्या फाडीनं. दक्षिण अंगाला मोटंचं थारोळं, येवढा मोठा दगडी वटा. मीच रचलाय. पाण्याच्या बापाला हालायचा न्हाय. संपत, काहील आन. पहार आन. टोळीवाल्यास्नी म्हन, जेवढं पाचाट हाय तेवढं हातरा."

काहिलीतलं म्हशींचं पाणी ओतून दिलं. आठ जणांनी ती उचलून गाळावर ठेवली आणि ती तरली. पाचट पुढे पसरत जायचं, काहील त्यावरून ढकलत न्यायची. आबा स्वतः काहिलीत बसले होते. कुणाची नको म्हणायची हिंमत झाली नाही. ते बोट दाखवत, "जरा डावीकडं. आणखी. हितं रांजण व्हता. फुडं. हितं माझी आय बसायची. थांबा." दादाने पहार गाळात घातली. गेली. बाहेर काढली, हातभर बाजूला घातली. गेली. विद्या आता पलीकडे अगदी जवळ होती, ओठ निळे. आबा म्हणाले, "आणखी येक ईत." पहार खाली गेली, आणि खालून आवाज आला. टण्ण!

दगडावर लोखंड आदळल्याचा तो आवाज. मी मोठमोठ्या गवयांना ऐकलं आहे पुढे. असू द्या.

काहील थारोळ्यावर टेकली, पक्की. विद्याच्या पाठीमागे वाढ्यांच्या मोळ्या सरकवल्या. "पाठीवर नीज बाळा," आबा म्हणाले, "भिऊ नगं, माझ्याच हिरीत हायस." ती मागे रेलली तसे तिचे गुडघे गाळातून जरा वर आले. घागरींनी पाणी आणून पायांच्या कडेने ओतायला लागले. पण पाय सुटेनात. दादाचा दणकट हात तिच्या पायांमध्ये शिरेना. तो ओरडला, "गाठ कुठं हाय? फुडं का मागं?"

काठावर मी उभी होते. "मागे," मी म्हणाले. "टाचेवर. दोन वेढे आणि शेपूट खाली."

दादाने वळून पाहिलं. "तुला कसं म्हाईत?"

"बांधताना बघितलं मी."

खोटं तिथे जन्मलं. भर दिवसा, वीस माणसांपुढे, आणि कुणालाच दिसलं नाही. दादा म्हणाला, "मग तूच ये. तुझा हात बारीक हाय." शेवंताबाईने आपला कोयता माझ्या हातात दिला आणि माझ्या डोळ्यांत असं पाहिलं की मला वाटलं हिला कळलं. ती एवढंच म्हणाली, "धार तुझ्याकडं ठिव. तिच्या पायाकडं न्हाय."

मी पाचटावरून रांगत काहिलीत गेले आणि तिच्या काठावरून पालथी झाले. दादाने माझे पाय धरले. उजवा हात खांद्यापर्यंत गाळात, गाल गाळावर. त्या गाळाला वास होता, कुजलेल्या पाल्याचा आणि लोखंडाचा. विद्याने माझी वेणी मुठीत धरली, आधाराला. तिचं तोंड माझ्या कानाशी होतं. मी चाचपत तिच्या पोटरीवरून खाली गेले, घोटा, टाच, आणि ती सापडली. माझी गाठ. भिजून दगड झालेली. दोन वेढे, पीळ. एवढी सुंदर गाठ मी पुन्हा कधी बांधली नाही. कोयत्याचं पातं आत सरकवलं आणि ओढलं. माझ्याच तळहातात गेलं. पुन्हा ओढलं. कासऱ्याचा एक एक पदर तुटताना कळत होता. तुटला तसा पाय सुर्रकन वर आला आणि माझ्या बगलेत बसला. दुसऱ्या गाठीला किती वेळ लागला ते मला आठवत नाही. मी काय बडबडत होते तेही नाही. सुरेखा म्हणते मी मोठमोठ्याने एकोणतिसाचा पाढा म्हणत होते आणि सगळा चुकीचा म्हणत होते.

विद्या काहिलीत आली, अनवाणी, काळी, नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखी. पायताणं खाली गेली. ती अजूनही तिथेच आहेत.

पुढचं सगळं चुलीपाशी झालं. तिला तीन वेळा कढत पाण्याने आंघोळ घातली, घोंगडीत गुंडाळलं, हळदीचं दूध पाजलं. माझ्या हातावर शेवंताबाईने हळद दाबली. टोळीतल्या सगळ्यांना भाकरी थापता थापता सुरेखाच्या आईचं लक्ष त्या रिकाम्या खिळ्याकडे गेलं. मी डोळे मिटून घेतले. ती म्हणाली, "गेली ती गेली. पोरगी आली न्हवं?" आणि पिठाच्या हाताने उठून तिने नुसत्या खिळ्याला कुंकू लावलं.

दादा उंबऱ्यात उकिडवा बसला होता. ओरडला नाही, ते फार वाईट होतं. तो शांतपणे म्हणाला, "मी काय सांगितलं व्हतं? गाठ मारायची न्हाय. आमचा येक गडी असाच गेलाय. मला फकस्त येवढं सांगा, गाठ कुनी मारली?"

चुलीत लाकूड तडतडलं. मी तोंड उघडलं. आयुष्यभर माझं तोंड माझ्या आधी धावलं आहे, त्या दिवशी ते मागे राहिलं.

"मी," विद्या घोंगडीतून म्हणाली. "माझी मीच."

दादाने मान हलवली. "पुन्यांदा मारू नगंस बाई." संपलं. कुणी तिच्यावर रागावणार थोडंच होतं? दुपारी आबांनी बाज फिरवून मागितली. दोघांनी ती उचलून तोंड पाण्याकडे करून ठेवली, आणि आबा दिवस मावळेपर्यंत त्या खोडाकडे बघत, मधूनच कुणाला तरी हाक मारून सांगत बसले, "त्या तितं गोठा व्हता बग. आन् त्येच्या पल्याड चिच."

एसटीत मी विद्याला विचारलं नाही. खोलीवर आल्यावर विचारलं नाही. मग वर्ष गेलं आणि विचारायची वेळ गेली. मी गोष्ट सांगू लागले तेव्हा पहिल्यांदाच, काही विचार न करता, "आणि या बाईने मोळीची गाठ मारलेली!" असं म्हणाले. लोक खदखदून हसले. विद्या माझ्या शेजारीच बसलेली होती. तीही हसली. मोळीची गाठ तिला येतच नव्हती, त्या दुपारी ती झोपलेली होती, हे, सुरेखा तिथे नसताना, आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. तो फोटो माझ्याकडे आहे. धुक्यात हसणारी विद्या, पायात पायताणं. लोक विचारतात, काश्मीर का? मी हो म्हणते. फोटोत कासऱ्याचं शेपूट स्पष्ट दिसतं, खाली खुपसलेलं.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी विद्याला फोन केला. ती आता सातारा रस्त्याला राहते, नुकतीच निवृत्त झाली आहे, तिच्या घरातल्या एकाही चपलेला बंद नाही. म्हटलं, वाचून दाखवते, मध्ये बोलायचं नाही. तिने बोलायचं कधी होतं? मी वाचलं. एकदाही आवाज काढले नाहीत. शेवटी तळहातावरच्या व्रणाकडे बघत थांबले. पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली.

"एकोणतीस साते तू दोनशे तेरा म्हणाली होतीस," विद्या म्हणाली. "ते लिहिलं नाहीस. ठोकून दिलं म्हणतेस नुसतं."

"विद्ये, बाकीचं?"

"बाकीचं बरोबर आहे." पलीकडे गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. "तू वाकली होतीस ना, तेव्हा मी तुझी वेणी धरली होती. आधाराला नाही गं. तू पण खाली गेलीस तर काय, म्हणून धरली होती. ते दुरुस्त कर."

"बरं," मी म्हणाले.